बालेय

पाळण्यामागे थर्माकोलची सोनेरी अक्षरं झळकत होती : बालेय. बारशाला मिरजेहून आलेल्या उर्मिलाआत्यानं ती वाचली आणि पेढा तिच्या घशातच अडकला. ती शाळेत संस्कृत शिकवायची.

“कसं वाटलं, ताई?” तिच्या भावजयीनं, ऋजुतानं, हौसेनं विचारलं. “जुना शब्द आहे. अर्थ, कोवळा. अख्ख्या पुण्यात कुणाचं नाही हे नाव.”

“नसणारच,” आत्या पुटपुटली.

तिला गप्पच राहायचं होतं. भावाच्या लग्नात तिनं भर मांडवात गुरुजींचा मंत्र सुधारला होता, तेव्हा ऋजुता वर्षभर तिच्याशी बोलली नव्हती. पण आजोबांनीच घोळ घातला. “उर्मिले, पाहुण्यांना जरा फोड करून सांग की!”

“कोवळा तर आहेच,” आत्या म्हणाली. “बळीच्या वंशातला, असाही अर्थ होतो. बास.”

ऋजुताचे डोळे बारीक झाले. “अजून काहीतरी आहे. सांगा.”

“जुन्या कोशात गाढवालाही बालेय म्हटलंय.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. ऋजुताचा चेहरा पडला. तिचा नवरा पराग अक्षरं काढायला स्टुलावर चढला.

“थांब रे,” आजोबा त्याला म्हणाले. “तुला मी आयुष्यभर साध्या मराठीत गाढव म्हणत आलो. नातवाला निदान संस्कृतात म्हणता येईल. घराण्याची प्रगतीच आहे ही.”

ऋजुतानं स्टुलावरच्या नवऱ्याला नीट निरखलं आणि तिला हसू आवरेना. “ताई, म्हणा कानात.”

आत्या वाकली. “कुर्रर्र... बालेय!”

बाळानं असं काही भोकाड पसरलं की आजोबांनी समाधानानं मान डोलावली.