हौदातलं बाळंतपण

हौदातलं पाणी सतरा अंशांवर अडलं होतं. धनाजी दिवस उगवल्यापासून काठावर बसून पारा बघत होता; पाऱ्याला संकोच वाटावा इतका बघत होता. तळाशी सायप्रिनस माशाची चार किलोची मादी गच्च पोट घेऊन निपचित पडली होती. शेजारी दोन नर, आणि अंडी चिकटायला वर पसरलेली जलपर्णी. तयारी सगळी होती, कळा तेवढ्या नव्हत्या.

ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात डांबर पातळ होतं, तिथं नेमकी याच आठवड्यात थंडीची लाट आली होती. मत्स्य खात्याचे बसवराज साहेब फोनवर म्हणाले होते, "पाणी बावीसच्या पुढं पाहिजे. न्हाईतर अंडी पोटातच जिरतात बघा. मग वर्ष गेलं." आणि वर, "ते काय आपल्या हातात नसतंय की." वर्षभर त्या मादीला हातानं पेंड चारणाऱ्या धनाजीनं फोन खाली ठेवला.

"काय झालं रं?" म्हाळसाबाई आली. ही त्याची आत्ती. सत्तरीची, एके काळची मैंदर्गीची सुईण. गावात दवाखाना झाल्यापासून अकरा वर्षं तिला कुणी हाक मारली नव्हती.

"दिवस भरल्यात, आत्ती. पण गारठ्यानं मोकळी हुईना."

म्हाळसाबाईनं हौदात हात घातला आणि झटकन काढला. "असल्या पाण्यात कुणाला कळा येत्याल? बंब पेटव."

"मासा हाय ती."

"बाई हाय का न्हाय?"

धनाजीनं बंब पेटवला. तो कढत पाण्याची बादली घेऊन परतला, तर म्हाळसाबाईनं जाळीनं दोन्ही नर उचलून पलीकडच्या पाण्याच्या टिपाडात टाकले होते.

"आत्ती, हे काय केलंस?"

"बाळंतिणीच्या खोलीत बापय कशाला?"

"अगं, त्यांचं काम हितंच असतंय. ती अंडी टाकणार, मग ह्यांनी..." धनाजी अडखळला. आत्तीपुढं एवढं बोलायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"दोघांचं?"

"व्हय."

म्हाळसाबाईनं जाळी त्याच्यापुढं सरकवली. "सोड मग," म्हणाली. "पर मी तिकडं बघणार न्हाय."

नर परत हौदात सोडून धनाजी बादली उपडी करणार, तोच तिनं मनगट धरलं. "मारतुस का तिला? तांब्यानं घाल. कडंकडंनं." ती दर दहा तांब्यांनी कोपर बुडवून बघायची, मान हलवायची, थांबवायची. दोन बंब संपले. शेवटी कोपर बाहेर काढून म्हणाली, "पुरं." धनाजीनं पारा बघितला. तेवीस. तिनं खांद्यावरचं घोंगडं काढून अर्ध्या हौदावर पसरलं आणि पाठ करून बसली.

ऊन हौदाच्या काठावर आलं तेव्हा पाणी खळबळलं. मादी वर आली, नर मागं लागले. जलपर्णी हलली, पाणी उडून म्हाळसाबाईची पाठ भिजली, तरी ती वळली नाही. तासाभरानं सगळं शांत झालं. धनाजीनं जलपर्णीचं एक झाड उलटं केलं. मुळांवर राजगिऱ्याएवढे पिवळसर मणी, दाटीनं.

"सुटली का?"

"सुटली, आत्ती."

"किती झाली?"

"लाखाच्या पुढं असत्याल."

म्हाळसाबाईनं हिशेब करून बघितला. "मी जन्मात तीनशे काढली," ती म्हणाली.

धनाजी वाकला आणि त्यानं तिच्या ओल्या पायांवर डोकं ठेवलं. ते लवकर उचललं नाही.

"ऊठ की. मी काय केलं? तिनं केलं."

ती हौदावर ओणवी झाली. पाण्यावरून दोन्ही हात ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. दहाच्या दहा वाजली.