गोड शेवट

मालिकेचा शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा कैलास सासऱ्याशेजारच्या खुर्चीवरून उठून बायकोजवळ सोफ्यावर येऊन बसला. तो वैजापूरहून छायाला न्यायला आला होता. दिवाळीला माहेरी आलेली छाया परत गेलीच नव्हती. "नवराबायकोत असं व्हतंच," म्हणून तिच्या बापानं, रामकिसननं, फोन करून जावयाला मुकुंदवाडीला बोलावून घेतलं होतं. तिची बॅग आशाबाईनं, आईनं, स्वतः भरली होती.

पण निघण्याआधी आशाबाईला हा भाग बघायचा होता. दोन वर्षं तिनं ही मालिका चुकवली नव्हती. मालिकेतल्या नवऱ्यानं भर लग्नघरात बायकोच्या कानशिलात मारली, त्या दिवशी ती जेवली नव्हती.

"भोगील मेला," ती म्हणायची. "शेवटाला कसा भोगतो बघा."

पडद्यावर तो मेला आला. हातात गुलाबांचा गुच्छ. व्हायोलिन वाजायला लागलं.

"तुझ्यावर जीव होता, म्हणूनच हात उठला," तो म्हणाला. बस, एवढंच. माफीसुद्धा नाही. आणि ती बाई हसली. मारलेला गाल तिनं त्याच्या छातीवर टेकवला. वरून फुलं पडली.

आशाबाईनं तोंडावर पदर धरला. "ह्याच्यासाठी बसले व्हय मी दोन वर्षं? शी!"

"काय वाईट हाय, मामी? लई भारी शेवट केला," कैलास म्हणाला. मग बायकोकडं वळून हळूच म्हणाला, "चल, आवर आता."

छाया पडद्याकडंच बघत राहिली.

"चल म्हणलं ना!" त्यानं दंड धरून हलवलं, तशी ती दचकली. "बघा मामा, बघा हिचा माज."

"अगं, ते बोलायलेत तुला," आशाबाई म्हणाली.

छायानं कैलासच्या बाजूच्या कानाला हात लावला. "ह्या कानानं ऐकू येत नाय मला."

"कवापासून?"

"ह्यांनी मारलं तवापासून. सांगितलं व्हतं की आई तुला, कानात आवाज येतो म्हणून. तुझी मालिका चालू व्हती. तू म्हणलीस, व्हईल बरं."

कैलास टीव्हीकडं बघायला लागला. तिथं अजून फुलंच पडत होती.

आशाबाईनं उठून टीव्ही बंद केला. मग दार उघडलं.

"जावईबापू, उठा."

"अगं, जावई हायत ते," रामकिसन दबक्या आवाजात म्हणाला.

"जावई हायत म्हणून तोंडानं सांगायले. दुसरं कुणी असतं तर सांगितलं नसतं."

कैलासनं सासऱ्याकडं बघितलं. सासरा खाली बघत होता. कैलास उठला, काहीतरी पुटपुटत त्यानं चपला घातल्या आणि गेला.

आशाबाई कैलासच्या जागी, लेकीजवळ येऊन बसली. "सकाळी घाटी दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली. "कान दाखवू."

छाया समोरच बघत होती. मग आशाबाई उठली, लेकीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.