बाईपणाचं माप

तपासायला बनुबाई येणार असं कळलं, तेव्हा बन्सीनं चोळीची गाठ पुन्हा आवळली.

तिसगावजवळच्या त्या वाडीत गेल्या साली जत्रेला लुगडं नेसून एक बाप्या नाचला आणि पाऊस गेला. दोन्हींचा हिशेब पाटलांनी, म्हणजे आप्पासाहेबांनी, जुळवला. यंदा नाचायची ती खरीच बाई. अडचण एवढीच, की यंदाच्या तमाशाच्या फडात बाई नव्हती. रतनबाई या नावानं नाचणारा बन्सी होता.

"पळू या," सहादेव ढोलकीवाला म्हणाला.

"लुगड्यात? तू पळ. मी आपला ठुमकत येतो मागनं."

दोघांचं अंथरूण एक. फडाला ते ठाऊक होतं, फड बोलत नव्हता. वाडीला कळलं असतं तर धिंडीला गाढवही एकच पुरलं असतं.

आणि बनुबाई म्हणजे वाडीतलं बाईपणाचं माप. तिच्यासारखं नऊवारी नेसणं कुणाला जमत नसे; नव्या सुना तिच्याकडे शिकायला धाडत. तोंडाला कायम हळद, डोईवरचा पदर कधी ढळला नाही. तिची अंघोळसुद्धा उजाडायच्या आत उरके. नवरा भिमाजी पूर्वी कुठल्याशा फडात तुणतुणं वाजवत हिंडायचा. ही घरात आली आणि तो औताला लागला. मूलबाळ झालं नाही, तरी त्यानं दुसरी केली नाही. 'बाई असावी तर अशी,' आप्पासाहेब म्हणत.

बनुबाई राहुटीत आली. पडदा ओढला. बन्सीला पायापासून न्याहाळत वर गेली आणि हनुवटीशी थांबली.

बन्सीनं हात जोडले. "मावशी, पाया पडतो... पडते."

"गप. निऱ्या वर खोच. ढांग बाप्याची पडती तुझी."

बाहेरून आप्पासाहेबांनी खाकरून विचारलं, "काय निघालं, वयनी?"

"बाई हाय," बनुबाई आतूनच ठणकावली. "माझ्याइतकीच. उगं छळू नका पोरीला."

बाहेर सहादेवची ढोलकीवर थाप पडली.

बन्सी निऱ्या वर खोचू लागला. बनुबाई त्याच्या कानाशी वाकली.

"वस्तरा उलटा फिरवत जा, म्हंजी सांजच्याला खुंट दिसत न्हाईत. माझी दाढी तर रोज पहाटं मालकच करत्यात."