अडकित्त्याचं वजन

“वाढलं हो, चांगलं पाव किलो!” काटा वाचत नर्सबाई म्हणाल्या आणि धुरपदाचा अडकलेला श्वास सुटला. वजन वाढलं नसतं, तर बाळाला तालुक्याच्या दवाखान्यात नेणार होते. जावेचं बाळ तिथून परत आलं नव्हतं.

घरी तिने बाळासकट तोललेलं दुपटं सोडलं, तर आत सासूबाईंचा अडकित्ता.

“म्याच गुंडाळला,” सासूबाई म्हणाल्या. “लेकरू तोलत्यात व्हय कुणी? दिष्ट लागती! लोखंड असलेलं बरं.”

बाळ रडायचंही विसरलं होतं. त्याला छातीशी धरून, अडकित्ता घेऊन धुरपदा नर्सबाईंच्या निघालेल्या जीपपुढे उभी राहिली.

नर्सबाईंनी नुसता अडकित्ता तोलला. पाव किलोच भरला.

“याची तब्येत ठणठणीत आहे,” अडकित्त्याकडे बघत त्या म्हणाल्या आणि जीपमध्ये सरकून बसल्या. “चढ लवकर.”

चढताना धुरपदाने अडकित्ता तेवढा परत मागून घेतला.