भुलीची सुई

हातावर पहिला टाका पडला तेव्हा धाकटी ओरडली नाही. फक्त चपलेतला अंगठा आखडला. तो ताईला दिसला.

"डॉक्टर, भुलीची सुई द्यायची राहिली वाटतं." ताईचा आवाज अजून नरम होता. माणूस घाईत आहे, विसरला असेल.

"राहिली नाही." डॉक्टरांनी मान वर केली नाही. "स्वतःच्या हातानं केलंय ना? तेव्हा दुखलं नाही, मग आताच कशी नाजूक झाली? राहू दे जरा लक्षात."

नर्स ट्रेमधल्या चिमट्याकडे बघत राहिली.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याआधीच्या जखमा धाकटीनं लांब बाह्यांखाली लपवल्या होत्या. आज पहिल्यांदाच ती आपणहून ओट्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मला दवाखान्यात ने." तेवढं म्हणायला तिनं किती बळ एकवटलं होतं, ते ताईनं पाहिलं होतं. त्याचं हे बक्षीस.

"हात बाजूला घ्या," ताई म्हणाली.

"काय?"

"आधी भूल द्या, मग शिवा. पोतं नाहीये ते, बहीण आहे माझी."

"जाऊ दे ना ताई," धाकटी पुटपुटली. "होईल सहन."

"तू गप बस. सहन करून करूनच इथवर आलीयस."

शेजारच्या खाटेवर एक मोटारसायकलवाला बधिर कपाळ घेऊन पडला होता. खोलीतला दारूचा वास त्याचाच. तो कोपरावर रेलला.

"साहेब, मलासुद्धा कुणी पाजली नव्हती हो. माझी मीच प्यालो, माझा मीच खांबावर गेलो. मला मात्र दोनदा विचारलंत, 'काका, दुखत नाही ना?'"

"तुम्ही झोपा!"

"झोपतो की. तिला सुई द्या, लगेच झोपतो."

नर्सनं कुणाकडे न बघता सिरिंज भरली आणि डॉक्टरांपुढे धरली. त्यांनी ती हिसकावल्यासारखी घेतली. उरलेले टाके मुकाट्यानं पडले. धाकटीचा अंगठा सैल झाला, आणि मग कुठे तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

पट्टी झाली. डॉक्टरांनी हातमोजे टोपलीत भिरकावले.

"मनाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं ना हिला?" ताईनं विचारलं.

"घरी चार शब्द सुनावा, तेवढं पुरे." मग ते धाकटीकडे वळले. "पुन्हा इथं यायचं नाही. कळलं?"

"नाही येणार," धाकटी अगदी शहाण्यासारखी म्हणाली.

डॉक्टरांनी समाधानानं मान डोलावली.

ताईनं दाराजवळचं स्टूल फरफटत आणलं, खोलीच्या मधोमध टाकलं आणि धाकटीला त्यावर बसवलं. स्वतः तिच्या पाठीशी उभी राहिली.

"बोलवा त्या मनाच्या डॉक्टरांना. हिला 'परत ये' म्हणणारा माणूस भेटल्याशिवाय आम्ही इथून हलत नाही."