कंसातले आवाज

मुलांनो, जरा दोन्ही कान तळहातांनी घट्ट दाबा आणि हे जेवणाचं टेबल डोळ्यांसमोर आणा. तुम्ही रंगात येऊन एक जुनी गोष्ट सांगताय. गोष्ट अगदी मोक्याच्या जागी आलीय. आणि तेवढ्यात समोरची दोन माणसं ताडकन उठून निघून जातात.

भिंगरीच्या आजोबांचं शनिवारी दुपारी हेच झालं. शेगडीवर दूध उतू गेलं होतं. तो चर्रकन झालेला आवाज आईने ऐकला, बाबांनी ऐकला, भिंगरीनेही ऐकला. आजोबांचे कान गेल्या वर्षी पुरते गेले होते. त्यांना दिसल्या त्या फक्त दोन पाठी.

"दूध, अण्णा, दूध!" बाबा दारातून ओरडले.

"ओरडतोस कशाला माझ्यावर?" आजोबा म्हणाले. "माझी टकळी नकोशी झाली असेल तर सरळ सांगा."

आईने धावत येऊन कागदावर लिहून दाखवलं : दूध उतू गेलं. आजोबांनी ते वाचलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "मी बोलायला लागलो की बरं उतू जातं ते. उद्यापासून माझं ताट माझ्या खोलीत."

संध्याकाळी पार्सल आलं. आजोबांनी जन्मभर एका चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवला होता, आणि शेकडो सिनेमांमधला एकच त्यांच्या मनात घर करून राहिला होता. पिस्तूलवाल्या घोडेस्वारांचे सिनेमे असतात ना, त्यांतलाच. पण ह्यात पिस्तूल कमी आणि मनातली घालमेल फार. भावाच्या खुन्याला शोधत एक माणूस ओसाड गावांतून एकटाच फिरतो आणि आतल्या आत कुढत राहतो. सिनेमा साफ आपटला. नऊ दिवसांत उतरला, तो पुन्हा कुठे लागलाच नाही. आता इतक्या वर्षांनी त्याची डिस्क निघाली होती. निघणार हे कळलं त्याच दिवशी आईने ती आजोबांसाठी मागवून ठेवली होती.

भिंगरीने डिस्क लावली. पडद्यावर एक ओळ आली : ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी अक्षरं. तिने ती निवडली.

"अक्षरं कशाला?" आजोबा म्हणाले. "बोलतो कुठे तो? मी सत्तावीस वेळा पाहिलाय. अख्ख्या सिनेमात बारा वाक्यं!"

पण अक्षरं नुसती बोलण्याची नव्हती. घोडेस्वार रिकाम्या रस्त्यावर दचकून मागे वळला, आणि खाली कंसात उमटलं : (वारा. कुठेतरी पत्रा वाजतो.)

आजोबा पुढे सरकून बसले. "पत्रा वाजत होता होय? मला वाटायचं, हा वेड्यासारखा मागे का बघतो!"

प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये यंत्राचा खडखडाट इतका असायचा, की तेव्हा धडधाकट असलेल्या त्यांच्या कानांवरही सिनेमातलं फारसं काही पडत नसे. खाली मोठ्या सभागृहात मोजून चार प्रेक्षक, त्यांतले दोन झोपलेले. विचारणार कोणाला? एवढ्याशा काचेतून त्यांनी तो एकट्याने पाहिला होता आणि एकट्यानेच त्याचा अर्थ लावला होता.

शेवट आला. घोडेस्वार खुन्याच्या घरापाशी पोचला. हात पिस्तुलावर, पाऊल पायरीवर. बंद दारापुढे तो कितीतरी वेळ नुसता उभा राहिला.

"आता बघ," आजोबा म्हणाले. "आता हा भित्रा कच खाणार. सत्तावीस वेळा खाल्लीय."

पडद्यावर कंस उमटला : (दारामागे तान्हं बाळ रडतं. एक पुरुष त्याला थोपटत गुणगुणतो.)

घोडेस्वाराने हात खाली घेतला. तो वळला आणि चालू लागला.

"मागे घे," आजोबा म्हणाले. भिंगरीने मागे घेतलं. "पुन्हा घे." तिने पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"तो भ्यायला नव्हता गं," ते हळूच म्हणाले. "त्याला ऐकू आलं होतं."

एवढं झालं तरी रविवारी ताट त्यांच्या खोलीतच गेलं. आजोबांचा हट्ट म्हणजे काही एका सिनेमाने वितळणारं लोणी नव्हतं. आईने ताट नेऊन ठेवलं. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ती दार लोटून परत आली.

भिंगरी टेबलाशी बसली खरी, पण घास घेईना. ती कान देऊन ऐकत होती. ती अक्षरं लिहिणाऱ्याने आपलं स्वतःचं काही त्यात घातलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. कोण चांगला, कोण वाईट, कोण कशाने रडलं, काही नाही. जे कानाला ऐकू आलं, तेवढंच. थोड्या वेळाने ती उठली, दप्तरातून वही आणि पेन्सिल काढली आणि आजोबांच्या खोलीत गेली.

आजोबांनीही अजून घास मोडला नव्हता. "काय?" ते म्हणाले. "हास्यविनोद चाललेत ना तिकडे? माझी कटकट नाही म्हटल्यावर काय!"

भिंगरीने उभ्याउभ्याच लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे धरली : (पलीकडे कोणीच बोलत नाही. बाबांचा चमचा ताटात नुसता फिरतो.)

आजोबांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"कधीपासून?"

तिने त्याखाली लिहिलं : (कालपासून.)

मग वही तिथेच ठेवून तिने आजोबांचं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि ती दाराबाहेर पडली. "अगं, अगं, माझं ताट!" आजोबा म्हणाले. ती थांबली नाही आणि तिने वळूनही पाहिलं नाही. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज तिला ऐकू आला होता.