खानाला कोण ऐकवणार

"खोटं," पहिल्या रांगेतून येरेझेप म्हणाला. "पुन्हा. दारापासून."

नट काबिदेन पुन्हा विंगेत गेले. पुन्हा आले, खानासमोर गुडघे मोडून बसले आणि लढाईत पडलेल्या मुलाची बातमी ऐकवू लागले. अशी बातमी तोंडावर फेकायची नसते. वडीलधारा माणूस, आक्सकाल, येऊन बसतो. ढासळलेल्या कड्याचं, पंख मोडलेल्या ससाण्याचं बोलतो. ऐकणारा हळूहळू आपणच तिथवर पोचतो. यालाच ऐकवणं म्हणतात.

"पाठ म्हणताय तुम्ही, आक्सकाल. मला कोणी काही सांगतंय असं वाटतच नाही."

"आगाय, बातमी माझ्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही," खानाचं काम करणारा तुरार सिंहासनावरून म्हणाला. सगळे हसले. सगळे ज्याला आदरानं 'आगाय' म्हणत, तो दिग्दर्शक येरेझेप हसला नाही.

येरेझेप मॉस्कोत शिकून आला होता. सेमेयच्या या थिएटरात त्यानं आधी काय केलं असेल, तर जुन्या नाटकांतली रडारड कापली. मग अल्मा-आताच्या स्टुडिओत चित्रपट केला. त्यात युद्धाच्या काळातला एक टपालवाला येतो, शेतात राबणाऱ्या बाईच्या हातात नवरा मेल्याचा सरकारी कागद ठेवतो आणि सायकल वळवून निघून जातो. या एका दृश्यानं येरेझेपचं नाव झालं. गावात चित्रपट दाखवला तेव्हा त्याच्या आईनं तो शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, "अख्ख्या गावात त्या पोरीला ऐकवायला एक म्हातारा मिळाला नाही होय रे?" हा किस्सा तो मेजवान्यांत रंगवून सांगायचा. आईची नक्कल त्याला छान जमायची.

या नाटकातला ऐकवण्याचा प्रसंगही त्यानं पहिल्याच वाचनात कापला होता. आज सकाळी आला आणि म्हणाला, तो प्रसंग परत घ्या. तेव्हापासून दुसरं काही करू दिलं नव्हतं. अंगातला ओव्हरकोट काढला नव्हता. समोरचा चहा गार झाला होता, त्यावर साय धरली होती. थिएटरची जीप त्यानं फाटकात उभी करायला सांगितली होती. स्टुडिओचं बोलावणं असेल, असं सगळ्यांनी धरलं.

काबिदेन पुन्हा विंगेत आले तेव्हा तालमीची व्यवस्था बघणारी उल्मेकेन तिथे उभी होती. ऑफिसातून धावत आली होती.

"गावाहून फोन होता. आगायच्या भावाचा, मुकानचा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आई गेली त्यांची. मोठ्या कोणाकडून तरी नीट ऐकवा म्हणाला."

"मग मला कशाला सांगतेस?"

"दुसऱ्या कोणाला सांगू? पांढरी दाढी तुमचीच आहे."

"डिंकानं चिकटवलेली आहे ती, बाई."

इतका वेळ का लागतोय ते बघायला तुरार सिंहासन सोडून आत आला. त्यालाही कळलं. "सरळ सांगून टाका," तो म्हणाला. "लांबण त्यांना खपत नाही. दोन शब्दांत सांगा."

"दोन शब्दांत कुत्रं मेल्याचं सांगतात."

"आणि मध्येच त्यांनी 'खोटं' म्हटलं तर?"

काबिदेननी जरा विचार केला. "तर पुन्हा दारापासून," ते म्हणाले.

त्यांनी दाढी ओढून काढली. हनुवटी लाल झाली. दाढी उल्मेकेनच्या हातात देऊन ते रंगमंचावर गेले. रिकाम्या सिंहासनाकडे त्यांनी पाहिलंही नाही. पायऱ्या उतरून ते सरळ पहिल्या रांगेकडे निघाले. मागोमाग तुरार आणि उल्मेकेन आले आणि थोड्या अंतरावर थांबले.

येरेझेपनं त्यांना येताना पाहिलं. परत रंगमंचावर जा, असं तो म्हणाला नाही. शेजारच्या खुर्चीवर पसरलेले कागद तेवढे उचलून घेतले.

काबिदेन बसले. 

"यंदा इर्तिशचं पाणी उतरलंय," ते म्हणाले. "एवढी नदी, तीही उतरते. डोंगराचा कडाही एक दिवस ढासळतो. उंटीण कितीही दुभती असली, तरी एखाद्या थंडीनंतर तिचं पिल्लू एकटंच कुरणावर येतं."

 येरेझेप पुढे बघत होता. सकाळपासून पहिल्यांदाच त्यानं त्यांना मध्ये थांबवलं नव्हतं.

"माणूस परगावी केवढाही मोठा होवो," काबिदेन म्हणाले. "घराशी आला की कोणीतरी त्याला लहानपणच्या नावानं हाक मारतं. येरेझेप, बाळा, तुझ्या घरी ते नाव घेणारं आता कोणी नाही. मन घट्ट कर."

येरेझेपनं दोन्ही तळव्यांत तोंड झाकलं. मग तो रडला. गावाकडचे पुरुष रडतात तसा, मोठ्यानं, खांदे हलवत. काबिदेननी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला रडू दिलं.

तो थोडा शांत झाल्यावर उल्मेकेन पाणी घेऊन आली.

"फोन आत्ताच आला, आगाय," ती म्हणाली. "लगेच निघालात तर दफनाला पोचाल."

"मला सकाळीच आला होता. घरी. मुकान 'आई गेली' म्हणाला आणि लाइन तुटली."

"सकाळी?" ती म्हणाली. "मग तुम्ही दिवसभर इथे..."

"फोन आला होता, उल्मेकेन," येरेझेप म्हणाला. "ऐकवलं कोणी नव्हतं."